ताईला न सांगितलेलं वाक्य

२ डिसेंबर १९९८, आदिलाबाद

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही तीन महिने माझ्याकडेच अडकून राहिली. माफ करा.

आज मोठ्या बहिणीला दवाखान्यात नेलं होतं. तिच्या गालातल्या जखमेतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर तेलुगूत म्हणाले, "कॅन्सर आहे. लवकर ऑपरेशन करा. त्याच तुकड्यात एक विषाणू सापडतो का, ते हैदराबादला बघतील. पण काहीही निघालं तरी ऑपरेशन टळणार नाही."

ताईला तेलुगू येत नाही. "काय म्हन्ते वं ते?"

"अजून एक तपासणी राहिली, जंतू आहे का ते बघतील म्हणतात," मी म्हणाले. बाकीचं तोंडातून निघालंच नाही.

परतताना ताईच्या गावाच्या, मावल्याच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. उन्हात पांढरे तंतू तरंगत होते. ताई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "मले वाटलंच होतं, मिश्रीनं काई होत नाही. माय जलमभर घासत होती. जंतू निघाला त गोळ्या देतीन. संक्रांतीपरेंत वावरातली मेथी निघू दे, मंग पाहू."

मी मान डोलावली. तिच्या त्या आशेतच आम्ही दोघी तिच्या घरी पोचलो, आणि मला ते किती बरं वाटलं.

मी तिला जपत होते, की तिचं रडणं मला बघवलं नसतं म्हणून गप्प राहिले? तुम्ही कधी एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचू न देता असं मध्येच अडवलंय का?

उद्या: सकाळीच मावल्याला जाऊन ताईला कॅन्सर आहे हे सांगणे.