नळीचा पीळ

साऱ्या वऱ्हाडात रायफल बाळगून रानडुकरांना इतकं निर्धास्त ठेवणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झाला नसेल. अमडापुरात त्यांची पाटीलकी, शेती मोठी, आवाज पहाडी, आणि मिशा अशा की डिप्टी कमिशनर साहेबांनी अर्ज न वाचता मिशांकडे पाहूनच परवान्यावर सही केली म्हणत. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची रायफल त्यांनी विकत घेतली, नागपूरहून सगळ्यांत जड गोळ्या मागवल्या आणि गाव जमवून रॉकेलच्या डब्यावर पहिला बार काढला. डब्याला भोक पडलं, पण लांबट. गोळी आडवी होऊन शिरली होती. मामी म्हणाल्या, दृष्ट लागली. मामांनी मात्र सफाईच्या गजाला चिंधी गुंडाळून तो नळीत सारला, आतल्या आट्यांबरोबर गज कसा वळतो ते पाहिलं आणि निदान केलं.

"पीळ ढिला हाये, जावईबापू! जड गोळी लांब असते. तिले घट्ट पीळ पायजे, नाही तं भोवऱ्यावानी डोलते. ह्या नळीले हलकी गोळीच पायजे."

त्या दिवसापासून त्यांना जगात पीळच दिसू लागला. मामींनी वळलेल्या वाती ते देवघरात बसून उलगडून पाहत. चिखलीच्या बाजारात दोरवाला त्यांना लांबून पाहिलं की दुकान आवरू लागे. पुतणीला आलेलं स्थळ पाहून आले आणि म्हणाले, "पोरगं हलकं, आन् आपल्या पोरीचा पीळ घट्ट. भिरभिरून जाईन बिचारं!"

हलक्या गोळ्या येईपर्यंत डुकरांनी अर्धी ज्वारी लोळवली. मामी डबा बडवून राखण करीत. पाटील भेतात, असं गाव उघड बोलू लागलं, तेव्हा मी म्हणालो, "मामा, आहे त्याच गोळीनं जवळून मारा की."

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आडवी लागली तं जनावर मरत नाही, बापू. फाटलं पोट घेऊन रानात रडत फिरते."

अखेर हलक्या गोळ्या आल्या. डब्याला कुंकवाच्या टिकलीसारखं गोल भोक पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या धुऱ्यावर डुक्कर आलं, मामांनी बार काढला आणि ते जागच्या जागी बसलं. गावानं एकच ओरडा केला. मामा मात्र त्याच्याजवळ उकिडवे बसून राहिले. "सरळ गेली," एवढंच म्हणाले, आणि विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिले.

लवकरच त्यांनी रायफल विकून टाकली.

"काऊन विकली हो? इतका जीव आटवला तिच्यापायी," मामींनी विचारलं.

"ते डुक्कर माह्याकडं पाहत होतं व."

पुढं हुरड्याच्या दिवसांत मामा मचाणावर उभे राहून, "अबे, पुरे करा नं आता!" असं डुकरांना खडसावत. डुकरं जरा थांबत, कान टवकारत आणि पुन्हा खाऊ लागत. मग मामाही खाली बसून त्यांचं खाणं होईपर्यंत पाहत राहत.

मामा गेले त्या साली मी एकदा त्या मचाणावर जाऊन बसलो. डुकरं आली. त्यांना रागवावं म्हणून मी उभाही राहिलो. पण तसा आवाज माझ्याकडे नव्हता.