बाहेरचा पट्टा

सरळ रेघेचा माझ्या कुरवंड्याच्या वर्गमित्राला जेवढा राग होता, तेवढा उभ्या मावळात कुणाला कशाचा नसेल. खिशात कायम सुतळीचं बंडल, म्हणून सगळे त्याला सुतळीभाऊ म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी निघाले की हा आडवा. टोकाच्या पानाशी पोचेतो जिलेबीची परात रिकामी होते, तेव्हा वाढायला सुरुवात टोकाकडून करा, हा त्याचा हट्ट. एकदा नवरीचे मामा भडकले, तर हा सुतळी काढून पंगतच मोजायला बसला. भात निवला, मामा काही निवले नाहीत.

पण त्याचा खरा मोसम शाळांच्या खेळांचा. वलवणपासून उर्से गावापर्यंत कुठेही धावण्याची शर्यत असली की हा न बोलावता हजर. सरांनी फक्कीने मारलेली सरळ रेघ चपलेने पुसायची आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी रेघ मारायची; आतल्याला मागे, बाहेरच्याला पुढे. वळणावर बाहेरून पळणाऱ्याला वळसा मोठा पडतो, एवढंच त्याचं गणित. एका बापाने तर त्याची गचांडीच धरली, "माझं पोरगं समद्यांच्या मागं हुबं केलंस व्हय रं?"

"मागं न्हाई दादा, बरुबरीला हाय," हा शांतपणे म्हणाला. बापाला ते पटलं नाही. मी त्या दिवशी पाहुणा म्हणून मंडपात बसलो होतो. सगळे हसले, मीही हसलो, पण त्याच्याकडे बघायचं मात्र टाळलं.

कारण हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते माझ्यामुळे. दहावीत आम्ही पाच जण तालुक्याच्या शर्यतीत पळालो. पुढे जिल्ह्याला एकच नाव जाणार होतं. माझं घर लोणावळ्यात, मैदानाला लागूनच. मी पहिला पोचलो, मला सगळ्यात आतला पट्टा मिळाला. तो म्हशी पिळून, दूध घालून कुरवंड्याहून चालत आला. शेवटी पोचला म्हणून सगळ्यात बाहेरचा. रेघ मात्र सगळ्यांना एकच. मी वीतभर पुढे राहून जिंकलो. संध्याकाळी त्याने कुठून तरी सुतळी आणली, दोन्ही पट्टे मोजले आणि जास्तीची सुतळी कापून सरांपुढे धरली. सोळा पावलं भरली.

"रेघ सगळ्यांना एकच होती ना?" सर म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. मला फरक चांगला दिसला होता. "मला घरी उशीर होतोय," म्हणून मी निघालो.

मग मी जिल्ह्याला गेलो. बूट मिळाले, शिकवणारे मिळाले, खेळाडूंच्या जागेवर नोकरी लागली. सत्काराच्या भाषणांत मी जिद्दीवर आणि मेहनतीवर बोलायचो. मेहनत खोटी नव्हती, पण त्या सोळा पावलांचं नाव मी कधी काढलं नाही. तो मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचा, आणि मनापासून वाजवायचा. तेच मला सोसायचं नाही.

यंदाच्या थंडीत तो अंथरुणाला खिळला. भेटायला गेलो आणि इतकी वर्षं अडकलेलं बोलून टाकलं, "ती शर्यत तुझी होती रे."

"म्हाईत हाय," तो हसला. मग बराच वेळ खोकत राहिला. "तवाच बोलला असतास तर पुन्यांदा पळालो असतो. मला काय बक्षीस नको व्हतं. पुन्यांदा पळायचं व्हतं."

मी त्याच्या उशाशी बसून रडलो. त्याने उशीखालून सुतळीचा एक जुना, काळवंडलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. चार दिवसांनी तो गेला.

परवा घरात कुणी नसताना तो तुकडा मी पसरला. दारापासून निघून दिवाणखाना, ढाली ठेवलेलं कपाट, स्वयंपाकघर ओलांडून तो मागच्या भिंतीला टेकला. माझं अख्खं घर त्यात मावलं, आणि वर हातभर सुतळी उरली.