चार थ्रेड आणि बारावीचा निकाल

बारावीच्या निकालाला आमगावातल्या माझ्या इंटरनेटच्या दुकानात उभं राहायला जागा नसायची. एकेकाचा बैठक क्रमांक बोर्डाच्या साइटवर टाकून टाकून मी मेटाकुटीला यायचो. म्हणून त्या वर्षी प्रोग्राम लिहिला. क्रमांक भरून द्यायचे, निकाल तो आणेल. हौस दांडगी, त्यामुळे प्रत्येक क्रमांकाला वेगळा थ्रेड, म्हणजे निकाल आणायला धाडलेला वेगळा गडी. सगळे गडी एकदम सुटले आणि कॉम्प्युटरनं मान टाकली.

मग चारच गडी ठेवले. थ्रेड पूल म्हणतात त्याला. एक निकाल आणला की त्याच गड्यानं रांगेतला पुढचा क्रमांक उचलायचा. थोडा वेळ बरं चाललं, मग चौघंही बोर्डाच्या दारात उत्तराची वाट बघत अडकले. किती वेळ थांबायचं हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, "भैया, लिंक नहीं है क्या?" सकाळपासून तेच ऐकून डोकं उठलं होतं. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर परत फिरा आणि तो क्रमांक रांगेच्या शेवटी टाका, अशी दुरुस्ती केली.

रांगेत माझ्या धाकट्या बहिणीचाही क्रमांक होता आणि ती माझ्या शेजारीच बसली होती. पास झाली तर गोंदियाला नर्सिंग, नाही तर तिरोड्याच्या पाहुण्यांना लग्नाचा होकार, असं बाबांनी ठरवलेलं. तिचा क्रमांक दोनदा शेवटी गेला आणि दोन्ही वेळा तिला हायसं वाटलं. मी तो पुढे घ्यायला लागलो तर म्हणाली, "राहू दे ना दादा, काऊन घाई करून राहिला? बाकीच्यायचं पाहून घे." मला तिची फार कीव आली.

दुपार कलल्यावर निकाल आला. ती इंग्रजीत नापास झाली होती.

"ऑक्टोबरले बसीन मी," ती म्हणाली. "पण बाबा आयकत नाही."

मी बाबांना फोन लावला. एरवी आमचं दुसऱ्या वाक्याला वाजायचं. त्या दिवशी आवाज चढवायलाही अंगात त्राण नव्हतं. इंग्रजीत गेली, ऑक्टोबरला बसेल, पाहुण्यांना नाही म्हणून कळवा, एवढंच बोललो.

"पाहुण्यायले मी सांगतो," बाबा म्हणाले. "पोरगी जेवली का?"

ती सकाळपासून उपाशीच होती. मीही होतो, पण ते त्यांनी विचारलं नाही.