गवतावर बरी, रस्त्यावर लंगडी

डोनल हेनेबरीला कुत्र्यांतलं कळतं, हे आयर्लंडमधल्या टिपरेरीच्या त्या कोपऱ्यात सगळ्यांना मान्य होतं, आणि सगळ्यांत जास्त डोनलला. चाळीस वर्षं त्याने शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या केनेलमध्ये नोकरी केली होती. त्यामुळे त्याच्याच घरात राहणारी बहीण पेग शर्यतीतून निवृत्त झालेली पाच वर्षांची बदामी कुत्री दत्तक घेऊन आली, तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"झोपणार कुठे ही?"

"सोफ्यावर."

"सोफ्यावर! अगं पेग, एवढी वर्षं मी यांच्यात काढली. एकीलाही सोफा म्हणजे काय ते माहीत नव्हतं."

"म्हणून तर आणली," पेग म्हणाली.

कुत्रीचं नाव टिली. पहिल्याच दिवशी ती मागच्या दाराच्या काचेवर जाऊन आपटली, कारण काच नावाची वस्तू तिने जन्मात पाहिली नव्हती. मग जिना चढून वर गेली आणि तिथेच उभी राहिली, कारण जिना उतरायचाही असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सत्तावीस किलोंचं ते धूड उचलून डोनलने खाली आणलं आणि पेगला दहा मिनिटं ऐकवलं. तरी झोपेत टिलीचे डोळे उघडे राहतात, म्हणून आधी हाक मारायची आणि मगच हात लावायचा, हे पेगला शिकवलं त्यानेच. पेग तिचे दात घासू लागली तेव्हा तो पोट धरून हसला. दोन आठवड्यांनी म्हणाला, "आण तो ब्रश इकडे. मागच्या दाढा तशाच ठेवतेस." त्या दिवसापासून दात त्याच्याकडे. थंडीचा लोकरी कोटही त्यानेच आणला, आणि वर म्हणाला की दुकानात दुसरं काही चांगलं नव्हतं.

मार्चमध्ये टिली उजव्या पुढच्या पायाने लंगडू लागली.

डोनलने केनेलमधल्या रीतीने पाय हातात घेतला. खांद्यापासून अंगठा दाबत दाबत मनगटापर्यंत आला, बोटांमधली कातडी पाहिली, नखं पाहिली. कुठे सूज नाही, कुठे हाताला गरम लागत नाही. मग त्याने कपाटातून मालिशच्या तेलाची जुनी बाटली काढली. तीन आठवडे त्या घरात बसायचं म्हणजे डोळे पुसत बसायचं, असा त्या तेलाचा वास होता. टिली निमूटपणे चोळून घ्यायची. फुटबॉलच्या मैदानातल्या गवतावर ती अजूनही वाऱ्यासारखी गोल गोल पळायची, आणि गेटबाहेर डांबरी रस्त्यावर आली की पाय उचलून धरायची.

"डॉक्टरकडे ने तिला," पेग म्हणाली.

"स्नायू आहे. बरा होईल."

"तीन आठवडे झाले रे!"

"तुला कळतं का मला कळतं?" तो इतका जोरात ओरडला की टिली सोफ्यावरून उतरली आणि टेबलाखाली जाऊन बसली. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. गुडघे दुखत असताना तो टेबलाखाली वाकून तिची समजूत काढत बसला.

कळण्याचा प्रश्नच नव्हता. डोनल घाबरला होता. या जातीच्या कुत्र्यांना पायाच्या हाडाचा कॅन्सर होतो, आणि त्याची सुरुवात अशीच लंगडण्याने होते, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय त्याच्या आयुष्यात लंगडा ग्रेहाउंड आणि डॉक्टर यांचा संबंध एकाच कारणाने आला होता. मालक म्हणायचे, "डोनल, हिला घेऊन जा," आणि डोनल न्यायचा. दोरी त्याच्या हातात असायची, परत येताना रिकामी. बेस नावाची एक होती, टिलीसारखीच बदामी. तिला वाटलं आपण फिरायला चाललोय. गाडीत सगळा वेळ ती त्याच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. त्या संध्याकाळी तो जेवला नव्हता, आणि का जेवला नाही ते त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात टिली भर रस्त्यात थांबली. पाय उचलला आणि सगळं अंग डोनलच्या मांडीवर टेकवून उभी राहिली. ग्रेहाउंड असे टेकतात, ज्याच्यावर भरवसा असेल त्याच्यावर. डोनल तसाच उभा राहिला, मागून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला तरी हलला नाही. घरी येऊन पेगला म्हणाला, "फोन कर डॉक्टरांना."

डॉक्टर तरुण बाई होती, ग्रॉन्या तिचं नाव. दवाखान्याच्या दारातच तिने नाक वर केलं. "डोनल, कुत्रीला तेल लावलंय, का तळायला ठेवलीय तुम्ही तिला?"

डोनल हसला नाही. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "जे असेल ते सरळ सांगा. मी धरतो तिला. शेवटपर्यंत मीच धरीन."

ग्रॉन्याची थट्टा तिथेच थांबली. "गवतावर कशी चालते?"

"गवतावर ठीक आहे. रस्त्यावरच त्रास."

तिने पंजा उलटा केला, ओल्या बोळ्याने मधल्या बोटाची गादी पुसली आणि दिव्याखाली धरली. काळ्या गादीत मसुरीच्या डाळीएवढा फिकट, गोल ठिपका दिसला.

"कुरूप आहे," ती म्हणाली. "माणसाच्या पायाला होतं तसंच. कडक जमिनीवर खुपतं, मऊ जमिनीवर नाही. कोरड्या गादीत दिसत नाही, ओली करून पाहावी लागते." तिने बारीक हत्याराने कडा सैल केल्या आणि ते उचलून काढलं. भूलही द्यावी लागली नाही. "परत येईल, तेव्हा परत काढू. मऊ ठेवायला मलम देते, आणि रस्त्यावर हा बूट घाला."

टिली टेबलावरून उतरली आणि लादीवर चार पावलं नीट चालली. डोनलने भिंतीला हात टेकला.

"आम्ही रोज सकाळी त्यांना रस्त्यावरून चार मैल चालवायचो," तो म्हणाला. "पाय कडक व्हावेत म्हणून. बेस म्हणून एक होती. ती पण रस्त्यावरच लंगडायची, डॉक्टर. गवतावर नाही."

ग्रॉन्या हात धुता धुता थांबली. "ते हेच होतं की नाही, ते पाहिल्याशिवाय कसं सांगणार?"

"हो ना," डोनल म्हणाला. "नखं पाहिली, बोटं पाहिली. तळवा ओला करून कुणी बघितलाच नाही. मीसुद्धा नाही."

टिली येऊन त्याच्या मांडीला टेकली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की डोनल सोफ्यावर टिलीशेजारी बसतो. आधी हाक मारतो, मग ओल्या फडक्याने तिचे चारही तळवे पुसतो, एकेक गादी दिव्याकडे धरून पाहतो. पेगने एकदा म्हणून पाहिलं, "कुरूप एकाच पायाला होतं ना रे?"

"चारही बघायचे," तो म्हणाला.

एका संध्याकाळी त्याच्या तोंडून हाक गेली ती "बेस" अशी. त्याचं त्याला कळलं नाही. टिलीने पाय पुढे केला. पेग चुलीपाशी उभी होती, तिने ऐकलं, आणि त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.