वीस ग्रॅमची पेटी

नाव : शेख इनायतुल्ला. वय : आधार कार्डावर एकसष्ट, स्वतःच्या मते त्याहून दोन कमी. वास्तव्य : अचलपूर. व्यवसाय : हार्मोनियम, म्हणजे आपली पेटी, दुरुस्ती. पद : भजनी मंडळाच्या ठराव क्रमांक चारनुसार नेमलेल्या एकसदस्यीय खरेदी समितीचे अध्यक्ष. कार्य : मंडळाचे पेटीवादक देवीदास यांच्या निरोप-सत्कारासाठी अमरावतीहून चांदीचे नाणे आणणे. नाण्यावर पेटी असणे बंधनकारक.

समितीने खरेदी चोख केली. सराफाकडे वाद्यांची नाणी होती : सतार, तबला, बासरी, पेटी. समितीने पेटी घेतली. वीस ग्रॅम, प्लॅस्टिकच्या कार्डात सीलबंद, वर प्रमाणपत्र. चष्मा खिशातच राहिला. प्रमाणपत्र असताना चांदी पाहायची कशाला?

चष्मा परतीच्या बसमध्ये, वलगावच्या पुढे, डोळ्यांवर आला. पेटीच्या काळ्या पट्ट्या दोन, मग तीन, अशा येतात; मधे जागा सुटते. नाण्यावर मात्र दर दोन पांढऱ्यांमधे एक काळी, तारेच्या कुंपणाच्या खांबांसारखी. समिती पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट्या बसने दुकानात हजर झाली.

“चाचा, चांदी नऊशे नव्व्याण्णव आहे,” काउंटरवरचा कुंदन म्हणाला. “तिच्यात खोट नाही.”

“चांदीत नाही, पेटीत आहे. काळी तीनचा सूर कुठं हाय हिच्यात, दाखव मले.”

“वाजवायची थोडीच आहे?”

“मंग उद्या माणसाच्या हाताले सात बोटं काढसान. म्हणसान, जेवायचं थोडीच हाय.”

कुंदनने ट्रेमधली बाकीची नाणी दाखवली. साचा एकच, सगळ्या पेट्या सारख्याच बिघडलेल्या. त्याने सतार बदलून देऊ केली.

“चाळीस वर्षं पेटी वाजवली माणसानं, त्याले सतार देऊ? काहून, तिच्या तारा तरी मोजल्या कोणी?”

“चाचा, एवढं बारीक पाहणार कोण आहे?”

उत्तर सोपं होतं, पण ते कुंदनला सांगण्यात अर्थ नव्हता. देवीदासांची नजर काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी गेली. ते पाहत नाहीत, अंगठा फिरवतात. नाण्यावरची पेटी उठावाची. म्हणजे रविवारी, गळ्यात हार असताना, सगळ्या गावासमोर ही पेटी त्यांच्या अंगठ्याखाली येणार, आणि ती आणणार कोण, तर तीस वर्षं त्यांची पेटी लावून देणारा माणूस.

“सील तोडू नका बरं,” कुंदन मागून म्हणाला. “मग आम्ही मोडीच्या भावात घेतो.”

सील त्याच संध्याकाळी तुटलं. पेटीचा सूर चढवायचा तर आतल्या पितळी सूरपट्टीचं टोक कानशीने किंचित घासतात आणि भुसा फुंकून टाकतात. हाताला तीच सवय. इनायतुल्लांनी बारीक कानस घेतली, दोन सप्तकांतल्या चार फाजील काळ्या घासून सपाट केल्या आणि प्रत्येकीनंतर फुंकर मारली.

मंडळाच्या अध्यक्ष पार्बताबाई नाणं न्यायला आल्या तेव्हा चौथी फुंकर चालू होती.

“इनायतभाऊ, चांदी फुकून राहिले तुमी?”

“चूक फुकून राहिलो, बाई.”

“चूक कंपनीची, चांदी मंडळाची. भुसा कागदावर तरी जमा केला काय?”

“मंग कंपनीले लिवा. लिवा का आमच्या देवीदासले खोटी पेटी धाडली तुमी. मी सही करतो.”

पार्बताबाई सत्कार पूर्ण होईपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

रविवारी देवीदासांनी नाणं तळहातावर घेतलं. अंगठा डावीकडून निघाला. दोन. जागा. तीन. तिसऱ्या काळीवर तो थांबला. त्यांची वाजवायची पट्टी तीच, काळी तीन. मग जिथे घासलं होतं त्या सपाट जागेवर परत आला, तिथे जरा खरखरीत लागत होतं.

“इनायत,” ते माइक समोर आहे हे विसरून म्हणाले, “इथं पॉलिश राहिलं तुहं.”

“वेळ नाही भेटला.”

“राहू दे. पट्ट्या बरोबर आहेत.”

मंडळाच्या दप्तरात नोंद आहे : शुद्ध चांदीचे नाणे, वजन वीस ग्रॅम, खरेदी समितीच्या अध्यक्षांनी तपासून दोषरहित असल्याचे प्रमाणित. नाणं एकोणीस ग्रॅम नऊशे सत्तर मिलिग्रॅम भरतं.