सत्तेचाळिसावी नळी

उल्हासनगर कॅम्प पाचचा राजरत्न कधी कुणावर हात उगारेल, असं त्याच्या बायकोलाही वाटलं नसतं. माणूस सरळमार्गी, पण हट्टी असा की एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच!

अंबरनाथच्या रसायनांच्या कारखान्यात तो वाफेच्या नळ्या तपासायचा. तारेचं वेटोळं असलेली कांडी नळीत सरकवायची. त्यामुळे धातूत विजेचे भोवरे उठतात, आणि तडा आडवा आला की ते मोडतात. मग पडद्यावरची रेघ कलते. पण नळीला आधार देणारी पोलादी पट्टी जिथे असते, तिथे पट्टीचाच गोंगाट इतका, की तिच्याखालचा तडा लपून जातो. म्हणून या पठ्ठ्याने तीन रविवार घालवून कॉम्प्युटरवर तशीच नळी उभी केली. तिचे हजारो बारीक त्रिकोण पाडले आणि प्रत्येकातला प्रवाह मोजायला लावला. एकदा नुसती पट्टी, एकदा पट्टीखाली तडा. दुसऱ्या खेपेला जी वाकडी रेघ आली, अगदी तीच प्लांटमधल्या सत्तेचाळिसाव्या नळीत दिसत होती.

"फुटणार आहे ती. सुरू करू नका," तो म्हणाला.

"तुझं चित्र बघून प्लांट बंद ठेवू?" मॅनेजर चिंतामणी हसला. "दिनानाथ, वाफ सोड."

दिनानाथ कुळगावचा, राजरत्नचा आयटीआयपासूनचा जिवलग. त्या नळ्यांशेजारी तोच उभा राहणार होता. पण प्लांट आणखी बंद राहिला तर साठ कंत्राटी माणसं काढणार, अशी धमकी होती, आणि त्या साठांत तोही होता.

राजरत्नने वाफेच्या व्हॉल्व्हच्या चाकाला मिठी मारली.

"राज्या, सोड ना यार! आमच्या पोटावर लाथ मारतोस काय?"

"मर मग! पण माझ्या डोळ्यांसमोर नाही!"

दिनानाथने त्याच्या बरगडीत लाथ घातली. राजरत्नने डोकं असं हाणलं की दिनानाथचे दोन दात फरशीवर पडले. मग त्या साठांतले पाच-सहा जण राजरत्नवर तुटून पडले. कुणी केस ओढले, कुणी पाठीत पाना घातला. शेवटी रागाने आंधळ्या झालेल्या दिनानाथने लोखंडी सळई उचलली आणि चाकावरच्या बोटांवर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. चाक मात्र सुटलं नाही. रक्त बघून गेटवरच्या वॉचमनने पोलीस बोलावले, आणि पंचनामा होईपर्यंत प्लांट बंद राहिला. लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्या मारामारीनेच माणसं वाचली.

वरून आलेल्या साहेबांनी नळी काढून उभी चिरायला लावली. पट्टीखाली बोटभर तडा होता, आणि तिथे धातू कागदाएवढाच उरला होता.

चौथ्या दिवशी दिनानाथ दवाखान्यात आला. त्याने नळीचा तुकडा पलंगावर ठेवला आणि दात पडलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटला. राजरत्नने न मोडलेल्या हाताने त्याच्या मुस्कटात हाणली.

"ही माझ्या बोटांची."

दिनानाथ जागचा हलला नाही.

"आणि ही तुझ्या बायकोची, अंजनीवहिनीची. रांडेच्या, त्या दिवशी तिला तुझं प्रेत ओळखावं लागलं असतं!"

दुसरी थप्पड बसली तेव्हा नर्स धावत आली. दोघेही ढसाढसा रडत होते, आणि कुणाला आवरावं हेच तिला कळेना.