सासऱ्यांचं आडनाव

लग्न ठरलं तेव्हा मी विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून होतो. आम्ही घाटकोपरच्या चाळीत राहत होतो. वडील गिरणीतून खोकला घेऊन घरी बसलेले, मी थोरला, माझ्यामागे एक भाऊ, एक बहीण. मुलगी मुलुंडची होती. तिचे वडील वकील, स्वतःची बैठी बंगली, फाटकावर आडनावाची पाटी. मुलगी एकुलती एक. जात एकच, पण ते मुंबईत तीन पिढ्या मुरलेले आणि आम्ही अजून गणपतीला गाव गाठणारे.

वकिलांची अट एकच होती. पाटीवरचं आडनाव त्यांच्यानंतर पुसलं जाऊ नये. त्यांना वाटत होतं, मला दत्तक घ्यावं की काम फत्ते. त्यांनी भटजींना बोलावलं. भटजी म्हणाले, "वकीलसाहेब, याला दत्तक घेतलात तर तुमची मुलगी याची बहीण झाली. मग मी काय लावू, लग्न की राखीपौर्णिमा?" एवढा कायदा शिकलेला माणूस, पण हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग दुसरा मार्ग निघाला. कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचं, सरकारी गॅझेटात चार ओळी छापायच्या, आडनाव तेवढं बदलायचं. माझं नाव तेच, मधलं वडिलांचं नावही तेच. राहायचं मात्र मुलुंडला. मी भटजींना एकच विचारलं, वडिलांना अग्नी देण्याचा हक्क माझा राहील ना? ते म्हणाले, "दत्तक गेला असतास तर गेला असता. आडनावाने गोत्र बदलत नाही. तू त्यांचाच मुलगा." मला तेवढं पुरेसं होतं. बाकी कशाचं मला फारसं काही वाटलं नाही. मुलगी आवडली होती. चाळीतल्या खोलीत तिला कुठे निजवायचं हा प्रश्नही आपोआप सुटत होता.

वडील लगेच हो म्हणाले. मुलुंडहून परतताना मला एवढंच बोलले, "आवशीक मी सांगतलंय. तू गप रव." आईला सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, मी गप्प राहिलो. त्यांनी तिला मी सासरी राहणार हे सांगितलं, मुंबईत जागा नाही म्हणून तिने ते गिळलं. आडनावाचं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

ऑफिसात मात्र बातमी पोचली. "काय रे, मंगळसूत्र पण तूच घालणार ना?" असं विचारून झालं. पुढे हजेरीला नव्या आडनावाने पुकारा झाला की मी बसून राहायचो, शेजारचा कोपर मारायचा. मला रागही येत नव्हता. माणसाला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारली तर जेवढा राग येईल तेवढाच.

आमच्यात नवऱ्याच्या आईने लग्न लागताना पाहायचं नाही, घरी राहून सुनेची वाट बघायची. त्यामुळे आई मांडवात नव्हती. लग्न लागल्यावर वकिलांनी आम्हाला संध्याकाळपुरतं घाटकोपरला पाठवलं. अख्खी चाळ गॅलरीत उभी. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण शेजारणी कुठल्या सोडतात! "नाव घे, त्याशिवाय आत पाऊल नाय. आडनावासकट!"

बायकोने खाली मान घालून एक साधासा उखाणा घेतला. त्यात माझं नाव आलं आणि पुढे आलं तिच्या वडिलांचं आडनाव.

हशा पिकला. नवी नवरी गोंधळली असंच सगळ्यांना वाटलं. आईही हसली. तिने सुनेची हनुवटी धरली. "चुकलंस गो बाय. आता आमचा आडनाव लावूचा." आणि आमचं आडनाव तिने लहान पोराला शिकवावं तसं सावकाश उच्चारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वडिलांकडे पाहिलं. ते उंबऱ्याकडे बघत होते.

"आये, ती चुकूक नाय," मी म्हणालो.

मग मलाच सगळं सांगावं लागलं, गॅलरीत, सगळ्यांच्या देखत. आईने वडिलांना विचारलं, "तुमका म्हायत होता?" ते म्हणाले, "होय." ती वाकली, ते माप दोन्ही हातांनी उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मग बहिणीला म्हणाली, "पावण्यांका पाट दी." आवाज चढवला नाही. आम्ही दोघं आत जाऊन पाटावर बसलो. लाडू खाल्ला. चव आठवत नाही.

त्यानंतर आई माझ्याशी कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दर रविवारी मी जायचो, ती आधी मला वाढायची, आग्रह करायची, निघताना हातावर काहीतरी ठेवायची. मला ती आता तुमी म्हणायची. मी एकदा हे बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "माझं आडनाव बदललं असतं तर कुणी विचारलं असतं का हो, कसं वाटतं म्हणून?" तिचं खरं होतं. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा तिचं नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही गेली, आणि आम्ही जिलबी खात होतो.

चारेक वर्षांनी वडील गेले. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. भटजींनी विचारलं, "मडकं कोण धरणार?" मी सदरा काढून पुढे झालो. मला वाईट वाटत होतं असंही म्हणता येणार नाही, हे एक काम माझं आहे एवढंच डोक्यात होतं.

आतून आईचा आवाज आला. "धाकटो धरतलो."

भटजी म्हणाले, "अहो, थोरला आहे ना हजर?"

"थोरलो आमी दिलो," आई म्हणाली.

माझे सासरे दारात उभे होते. "कायद्याने..." असं काहीसं त्यांनी सुरू केलं आणि थांबले. शास्त्र मलाही पाठ होतं. गोत्र तेच, मधलं नाव तेच. पण तिने मला दिलं होतं, मुलगी देतात तसं, आणि दिलेल्या मुलीला कुणी मडकं धरायला बोलावत नाही.

भावाने मडकं उचललं. मी सदरा पुन्हा घातला. लोक चालायला लागले. पुढे भाऊ, मागे चुलते, भाऊबंद, आणि अगदी मागे बहिणीचा नवरा, हात मागे बांधून, जावई चालतात तसा. मला पाहून तो जरा सरकला आणि त्याने शेजारी जागा करून दिली.